कागदाएवढी फट

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे उभा राहिलो की मी नेमकं दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि याकोबला तर नाहीच नाही. यात काही फार मोठं धाडस नाही, हे मलाही कळतं. ज्याला सांगायला हवं तो माझ्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर राहतो. त्याचा नंबर मला पाठ आहे.

तर — कुठून सुरुवात करू? टेबलापासून करतो. ते सोपं आहे.

शहाद्याला दोंडाईचा रस्त्यावर आमचा गाळा आहे. खाली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, ते भाऊ बघतो. वर एक लांबलचक खोली होती, तिच्यात जुनी टायरं आणि पपईची क्रेटं पडलेली असायची. सुरतला एक हॉटेल बंद होत होतं, तिथलं पूलचं टेबल मी उचलून आणलं. त्याखालच्या दगडी फरश्या जिन्यावरून वर चढवताना आठ हमालांच्या नाकीनऊ आले. आमचे आबा वर येऊन बघून गेले आणि म्हणाले, "इतला मोठा पलंग कोनासाठी आना रे?" पुढे वर्षभर गावात माझ्या पलंगाची चेष्टा चालू होती. पण पोरं यायला लागली. मग पोरांचे काका यायला लागले.

पूल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे नऊ बॉलचा खेळ चालायचा. नऊ बॉल एकमेकांना चिकटवून शंकरपाळ्याच्या आकारात मांडायचे. एक नंबर पुढे, नऊ नंबर मधोमध. पांढऱ्या बॉलनं पहिला जोरदार फटका मारून ती मांडणी फोडायची — तो ब्रेक. मग टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबराला आधी लागायचं, आणि शेवटी नऊ नंबर ज्यानं टेबलाच्या कडेच्या पॉकेटात घातला तो जिंकला. एवढंच. पण सगळा खेळ त्या पहिल्या फटक्यावर असतो. बॉल एकमेकांना घट्ट लागून असले तर फटक्याचा जोर सगळ्यांत पोचतो आणि ते चारी दिशांना पळतात. पुढच्या बॉलमागे नुसती कागदाएवढी फट राहिली, तरी जोर तिथेच मरतो. बॉल पळत नाहीत, रेंगाळतात. मारणाऱ्याला वाटतं, आपलाच फटका चुकला.

हे शेवटचं वाक्य मी फार सहज लिहून गेलो. त्याच्यावर परत येणार आहे मी.

याकोब पहिल्या आठवड्यातच आला होता. गावातल्या एका हाडांच्या डॉक्टरकडे तो एक्स-रे काढायचा. मूळचा चिंचपाड्याच्या बाजूचा, डोंगराकडच्या एका पाड्यातला. आठवडाभर शहाद्यात खोली करून राहायचा, शनिवारी दुपारी गावी जायचा, रविवारी बायको-लेकीबरोबर प्रार्थनेला. तरुणपणी सुरतच्या एका हॉटेलात दोन वर्षं कामाला होता, तिथे हा खेळ बघून बघून शिकलेला. पहिल्या दिवशी दाराशी उभा राहून त्यानं चपला काढल्या. अहो, पूलच्या हॉलमध्ये! मी हसलो. तोही हसला, आणि अनवाणीच खेळला. पुढेही कायम अनवाणीच खेळला.

त्याचा ब्रेक — कसं सांगू? मी पुष्कळ खेळाडू बघितले. धुळ्याचे बघितले, सुरतचे बघितले. अंगानं तो किरकोळच होता, पण फटका मारताना आधी एक क्षण तो इतका शांत व्हायचा की खोलीतली बडबड आपोआप थांबायची. आणि मग तो आवाज. खाली दुकानात भावाला कळायचं, वर याकोब आलाय.

संध्याकाळी सहाला त्याची ड्युटी संपायची. साडेपाचपासून माझं लक्ष जिन्याकडे. बायको घरी वाट बघते आहे, उसाला पाणी द्यायचंय, फोन वाजतोय — आणि मी जिन्यावर पावलं ऐकतोय. माझा त्याच्यावर जीव होता. एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाबद्दल असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि या जीव लागण्याला नेमकं काय नाव द्यायचं ते मला पंचेचाळिशी उलटली तरी ठरवता आलेलं नाही. नुसतं एवढं सांगतो की त्या तीन वर्षांत मी जितका आनंदात होतो तितका त्याआधी नव्हतो, आणि त्यानंतर तर नाहीच.

तो फार बोलायचा नाही. घरी त्याची डोंगरातली आदिवासी कोकणी बोली, माझ्याशी मोडकीतोडकी अहिराणी, डॉक्टरांशी शाळेतली मराठी. मी त्याच्या अहिराणीची टिंगल करायचो, तो माझ्या खेळाची करायचा. माझा खेळ बेतास बात. मला खेळापेक्षा नियमांची आवड जास्त. हॉलमधले सगळे मला वकीलसाहेब म्हणायचे, ते काही उगाच नाही.

आता नियमांचं. सुरुवातीला आमच्याकडे रीत अशी होती — हरला तो बॉल लावेल, जिंकला तो फोडेल. तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? हरलेला माणूस आधीच चिडलेला. तो मुद्दाम ढिले बॉल लावायचा, बोटाच्या पेरानं एखादा हळूच मागे सरकवायचा. जिंकणारा ओरडायचा, "ढिलं लायं, परत लाव!" शिवाय चांगला खेळाडू एकदा जिंकायला लागला की फोडायचं त्याच्याच हातात, दुसऱ्यानं नुसतं बघत बसायचं. एकदा तर तळोद्याच्या आणि आमच्या पोरांची इतकी जुंपली की एक क्यू, म्हणजे खेळायची काठी, मोडली आणि एकाचं डोकं फुटलं. तेव्हा मी ठरवलं की पुरे झालं, आता स्पर्धा घ्यायची ती नियमानं.

महिनाभर बसून मी नियम लिहिले. खेळाडूंनी बॉल लावायचे नाहीत, लावणारा मार्कर तिसराच असेल. ब्रेक आळीपाळीनं, कोण जिंकलं याचा संबंध नाही. पांढरा बॉल ठरलेल्या चौकटीतूनच मारायचा. आणि माझा सगळ्यात आवडता नियम — फोडणाऱ्याला फोडण्याआधी वाकून मांडणी बघायचा हक्क आहे, शंका आली तर परत लावून मागायचा हक्क आहे, आणि त्याबद्दल कोणी त्याला हसायचं नाही. हे 'हसायचं नाही' मी मुद्दाम लिहिलं होतं. मला त्याचा फार अभिमान होता. अजूनही आहे, लाज वाटते तरी आहे.

फिल्मची कल्पना याकोबची. लाकडी त्रिकोणानं बॉल लावले की काढताना एखादा तरी हलतोच. त्यानं दवाखान्यातून खराब गेलेली, टाकून द्यायची एक एक्स-रे फिल्म आणली. कोणाच्या तरी मनगटाची होती, हलल्यामुळे धूसर आलेली. तिच्यावर त्यानं बॉलांच्या जागा आखल्या आणि सर्जरीच्या ब्लेडनं नऊ भोकं अशी कापली की बॉल त्यात ठेवला की जागच्या जागी बसायचा, शेजाऱ्याला घट्ट टेकून. फिल्म इतकी पातळ की खेळाला अडचण नाही, ब्रेक झाल्यावर उचलून घ्यायची. आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी टाळ्या पडल्या. याकोब मला म्हणाला, "आते कितलं भांडतस ते देखू." आणि खरंच, त्या दिवसापासून भांडणं थांबली.

एक फाटली तर असू दे म्हणून तो आणखी एक कोरी फिल्म देऊन गेला. ती मीच कापेन, असं मी म्हणालो.

मार्कर कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. वकीलसाहेब! दुसरं कोण? नंदुरबारचे, धुळ्याचे, दोंडाईच्याचे, नवापूरचे मिळून चोवीस खेळाडू आले, आणि चोवीसच्या चोवीस म्हणाले की बॉल राजूभाऊच लावतील. माझ्यावर लोकांचा असा विश्वास का होता, याचा मी आता विचार करतो. मोठ्या घरचा होतो, शेती होती, दुकान होतं, मला काय कमी? ज्याला काही कमी नाही तो कशाला लबाडी करेल, असं लोकांना वाटतं. मला काय कमी पडणार होतं ते त्यांना माहीत नव्हतं.

दिसतंय मला, मी अजून मुद्द्यावर येत नाहीये. येतो.

सुरतच्या एका क्लबचे मालक स्पर्धा बघायला यायचे होते. माझीच ओळख, मीच बोलावलेले. स्पर्धेच्या आठ दिवस आधी त्यांनी फोनवर सांगितलं की जो जिंकेल त्याला मी माझ्या क्लबचा खेळाडू म्हणून घेऊन जाईन — राहायला खोली, शिकवायला गुरू, अहमदाबादपासून इंदूरपर्यंतच्या स्पर्धा. मी फोन ठेवला आणि मला आनंद झाला. खरंच झाला. आमच्या हॉलला काय मान मिळाला! पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, म्हणजे याकोब जाणार. कोण जिंकणार हे माझ्याहून चांगलं कोणाला माहीत असणार होतं?

दुसऱ्या दिवशी मी याकोबला मोटारसायकलवर प्रकाशा गावी घेऊन गेलो. आम्ही तसे अधूनमधून जायचो, तापीच्या पुलावर उभं राहायचो, भजी खायचो आणि परत यायचो. तिथे मी त्याला ही बातमी सांगितली. माझ्या तोंडून त्याला कळावी असं मला वाटत होतं, आणि त्याचा चेहरा कसा होतो तेही बघायचं होतं. हातातलं भजं त्यानं संपवलं. मग म्हणाला, "मी जिंकनू ना राजू, ते मी सुरत जासू. पोरले बी लई जासू, तठेच शाळामा टाकसू."

त्याच्या आवाजात कसली चाचपणी नव्हती, माझ्याकडे परवानगी मागितल्यासारखंही काही नव्हतं. 'तुला कसं वाटेल' हे त्याच्या मनातच आलं नाही. आणि का यावं? माणसाच्या आयुष्याचं सोनं व्हायची वेळ आली, तर त्यानं दुकानाच्या वरच्या खोलीत बसलेल्या एका माणसाच्या संध्याकाळींचा विचार करायचा? मी म्हणालो, "जाय ना, जरूर जाय." परत येताना तो मागे बसून कोकणीत काहीतरी गुणगुणत होता. त्याला गाताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, दुपारी, जेवणाच्या वेळेला शटर अर्धं ओढून मी ती दुसरी फिल्म कापायला घेतली.

हात घसरला, असं म्हणता आलं असतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तसं म्हणूनही बघितलं. पण नाही. मी पहिली फिल्म खाली ठेवून तिच्यावरून आठ भोकं हुबेहूब उतरवली. नववं, सगळ्यात पुढचं, एक नंबरच्या बॉलचं — ते मी रेषेच्या किंचित बाहेर कापलं. किती? पोस्टकार्डाच्या जाडीएवढं. मग टेबलावर बॉल लावून बघितले. उभं राहून बघितलं तर काही दिसत नव्हतं. वाकून, डोळा टेबलाला लावून बघितलं तर पुढच्या बॉलच्या मागे उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. मी स्वतः एक ब्रेक मारून बघितला. बॉल जागच्या जागी घुटमळले. मला घाम फुटला, आणि बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

मी ती वापरेनच असं मी ठरवलं नव्हतं, हेही सांगून टाकू का? नको. कापली तेव्हाच ठरलं होतं.

अंतिम सामना रविवारी दुपारी झाला. याकोब त्या रविवारी प्रार्थनेला गेला नाही, त्याच्या बायकोनं गावाकडे त्याच्यासाठी प्रार्थना ठेवली होती. समोर धुळ्याचा एक खेळाडू होता, नीटनेटका, हातमोजा घालून खेळणारा. आधी सात डाव जिंकेल तो विजेता. दोन्ही फिल्म माझ्यापाशी एकावर एक ठेवलेल्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. एक खराब झाली तर दुसरी, असंच सगळ्यांना माहीत. पहिला ब्रेक याकोबचा, मग आळीपाळीनं. आठ डावांपर्यंत मी खरीच फिल्म लावत होतो, दोघांनाही. पाच-तीन झाले. याकोब पुढे. तुम्ही तो खेळ बघायला हवा होता. अनवाणी पावलांनी टेबलाभोवती फिरणारा तो माणूस — मला वाटत होतं, हे असंच चालू राहावं, कोणी जिंकू नये, कोणी हरू नये, सहा वाजावेत आणि परत सहा वाजावेत.

तेवढ्यात सुरतच्या शेठनी खिशातून डायरी काढली आणि शेजारच्या माणसाला विचारलं, "ए भाईनुं पूरुं नाम शुं?" आणि याकोबचं नाव लिहून घेतलं.

नववा डाव, याकोबचा ब्रेक. मी खालची फिल्म काढली आणि टेबलावर ठेवली. बॉल लावले. माझा हात जराही कापला नाही.

बॉल फुटले नाहीत. त्याचा तो आवाजच आला नाही, भलताच पोकळ आवाज आला. याकोबनं क्यूच्या टोकाकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. तो डाव गेला. दहाव्या डावाला धुळ्याच्या खेळाडूचा ब्रेक, मी खरी फिल्म लावली. त्यानं नियमाप्रमाणे वाकून बघितलं — तो दर वेळी बघायचा — आणि मान हलवली. पाच-पाच. अकराव्याला याकोबचा ब्रेक, परत खालची फिल्म. परत तेच. पण या डावात तो लढला. अडकलेले बॉल एकेक करून सोडवत, कुठून कुठून वाट काढत त्यानं तो डाव ओढून आणला. लोक उभे राहिले. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणाल, इथे तरी थांबायचं होतंस. फट असूनसुद्धा मला हरवून दाखवलं होतं त्यानं. त्यानंतर त्याला जाऊ द्यायला नको होतं का? बारावा गेला. सहा-सहा. तेरावा डाव, याकोबचा ब्रेक.

मी खालचीच फिल्म घेतली.

बॉल लावून मी बाजूला झालो. शेजारच्या बी-बियाण्याच्या दुकानातले आप्पा पहिल्या रांगेत होते. त्यांना याकोबचं कौतुक. त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्यांना काय खटकलं कोण जाणे, ते म्हणाले, "याकोब, जराखं वाकीसन देखी ले ना भो." वाकला असता तर दिसलंच असतं — दिवसभर सावलीतली बारीक रेघ ओळखणं हाच त्याचा धंदा होता. हाडाला केसाएवढी चीर असली तर डॉक्टरांच्या आधी त्याला दिसायची. हक्क होता त्याचा. मी लिहिलेला हक्क होता.

याकोब माझ्याकडे बघून हसला, आणि आप्पांना म्हणाला, "राजूनी लायेल शे. त्यामा काय देखानं?"

आणि त्यानं फटका मारला.

हे मी कितीदा बघितलं असेल? शेतात असताना, गाडी चालवताना, जेवताना घास हातात घेऊन. प्रत्येक वेळी मी त्याला मनात म्हणतो, वाक ना रे. एकदा वाक. तो वाकत नाही.

धुळ्याचा खेळाडू जिंकला आणि महिन्याभरात सुरतला गेला. चांगला माणूस होता. बक्षीस वाटताना माझा नियमांबद्दल सत्कार झाला, शाल दिली मला. मी रडत होतो. लोकांना वाटलं, दोस्त हरला म्हणून राजूभाऊंना वाईट वाटतंय. गर्दी पांगल्यावर याकोब माझ्यापाशी आला. खडू लागलेला हात त्यानं माझ्या खांद्यावर ठेवला, आणि — त्यानं माझी समजूत काढली हो. हरलेल्या माणसानं माझी! म्हणाला, "तू कसाले रडस? तुन्हा नियम एकदम बरोबर व्हतात. मन्हाच हात थरथरना."

तेव्हा तरी बोलायचं. एक वाक्य होतं. मी म्हणालो, "होस असं कधीमधी."

दोन्ही फिल्म मी दुसऱ्या दिवशी बारीक कापून पाण्याच्या टाकीमागे जाळल्या. त्यांचा वास फार वाईट येतो.

मला वाटलं होतं, आता तो राहील. राहिलाच तो. पण हॉलवर यायचा बंद झाला. आधी आठवड्यातून एकदा यायचा, मग नुसता चहाला, मग जिन्याखालूनच हात करून पुढे जायचा. मी एकदा बळेच वर आणून त्याच्या हातात क्यू दिली. त्यानं ब्रेक घेतला. बॉल नीट लावलेले होते, तरी फुटले नाहीत, कारण आता तो मारतानाच भीत होता. त्यानं क्यू भिंतीला टेकवून ठेवली आणि त्यानंतर कधी हातात घेतली नाही. वर्षभरात शहादं सोडून तो गावाकडच्याच एका दवाखान्यात लागला. ज्याला सुरतला जाऊ दिलं नाही, तो चिंचपाड्याला गेला. मला काय मिळालं मग?

सहा वाजले की मी अजून जिन्याकडे बघतो. हॉल चालू आहे, आता दोन टेबलं आहेत. माझे नियम धुळ्यापर्यंत चालतात, लोक झेरॉक्स काढून नेतात. मार्कर मी परत कधी झालो नाही. 'डोळे गेले आता' म्हणून सांगतो.

गेल्या नाताळात मी त्याच्याकडे गेलो होतो. इतक्या वर्षांत चार-पाचदा गेलो असेन. कोणी आजारी, कोणाचं लग्न. तो थोडा जाड झालाय, केस पांढरे झालेत. मला बघून त्याला अजूनही तसाच आनंद होतो, ते मला बघवत नाही. अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. त्याची मुलगी एस्तेर — स्पर्धेच्या वेळी सहा वर्षांची होती, आता सतरा-अठराची — चहा घेऊन आली. ती व्हॉलीबॉल खेळते. सर्व्हिस तिची, आणि म्हणे अशी जोराची की पलीकडच्या पोरी मागे सरकतात. राज्याच्या संघासाठी नाशिकला निवड चाचणी होती, तिच्या शिक्षकांनी नाव पाठवलं होतं. याकोब तिला नको म्हणत होता. रागानं नाही, मायेनंच. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "तूच सांग हिले. ऐन टायमाले आपला हात थरथरस. आपला घरमाच शे ते. मी सोता भोगेल शे, पोरले काबं भोगू दिऊ?"

एस्तेर माझ्यासमोर उभी होती. तिच्या हातात रिकामा ट्रे. तिनं मला शाळेतल्या नीट मराठीत विचारलं, "काका, तुम्ही तिथे होतात ना? पप्पांचा हात खरंच थरथरला होता?"

तिला फक्त 'नाही' हवं होतं. एवढासा शब्द. तो म्हटला असता तर याकोबनं विचारलं असतं, मग काय झालं होतं? आणि मला सांगावं लागलं असतं, आणि तो माझ्याकडे बघून जसा हसतो तसा परत हसला नसता.

मी म्हणालो, "हो, थरथरला होता."

तिनं मान हलवली आणि आत गेली. याकोबनं मला अजून एक करंजी घ्यायचा आग्रह केला. मी घेतली.

निवड चाचणी गेल्या आठवड्यात झाली. एस्तेर गेली नव्हती.